एस्तेर आत, जुडिथ बाहेर!

मुलांनो, जून महिन्यात नवी पुस्तकं हातात आली की तुम्ही पहिल्यांदा काय करता? वास घेता, आणि मग अनुक्रमणिका उघडता. घरात ताईदादाचं जुनं पुस्तक असलं तर लगेच ताळा करून पाहता, कोणता धडा गेला आणि कोणती कविता नवी आली. मग वर्गात प्रश्न येतोच, "तो धडा का काढला? तो तर सगळ्यात छान होता!"

पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पुस्तक ठरवणारं एक मंडळ असतं आणि त्यातल्या सदस्यांची नावं पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असतात. पण समजा, एखादं पुस्तक दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे, ते एकाने नव्हे तर अनेकांनी, शेकडो वर्षांच्या काळात लिहिलेलं आहे, आणि लाखो माणसं त्याला पवित्र मानतात. मग त्याची अनुक्रमणिका कोणी ठरवली? कोणती गोष्ट आत घ्यायची आणि कोणती बाहेर ठेवायची, हे कुणी सांगितलं?

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथाच्या बाबतीत हा प्रश्न फार मजेचा आहे. त्यात शूर बायकांच्या कितीतरी गोष्टी आहेत. त्यांतल्या दोघी तर अगदी एकाच मापाच्या. दोघी देखण्या, दोघी हुशार, दोघींनी आपल्या लोकांना मरणाच्या दारातून परत आणलं. पण एकीचं पुस्तक ग्रंथात बसलं आणि दुसरीचं बाहेर राहिलं. असं का झालं, ते आज आपण पाहू.

आधी ग्रंथाची थोडी ओळख करून घेऊ. यहुदी आपल्या धर्मग्रंथाला 'तनाख' म्हणतात. तोरा, नवीईम आणि कतुवीम या त्याच्या तीन भागांच्या पहिल्या अक्षरांवरून हे नाव पडलं. तोरा म्हणजे नियमशास्त्र, त्यात ५ पुस्तकं. नवीईम म्हणजे संदेष्टे, त्यात ८. कतुवीम म्हणजे 'लेख', त्यात ११. अशी एकूण २४. ख्रिस्ती लोकांच्या बायबलमधला 'जुना करार' तो हाच. फक्त प्रोटेस्टंट लोक त्याच मजकुराची ३९ पुस्तकं मोजतात, कारण त्यांच्याकडे काही पुस्तकं तोडून वेगवेगळी मोजली जातात. कॅथलिकांच्या जुन्या करारात आणखी काही पुस्तकं आहेत, त्यांच्याकडे आपण नंतर येऊच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. त्या काळी आजच्यासारखं शिवलेलं, बांधलेलं पुस्तक नव्हतं. चामड्याच्या लांबच लांब पट्ट्यांवर लिहायचे आणि त्या गुंडाळून ठेवायचे. एक पुस्तक म्हणजे साधारण एक गुंडाळी. त्यामुळे 'कोणतं पुस्तक आत' याचा अर्थ, कोणती गुंडाळी पवित्र म्हणून जपायची आणि कोणती नुसतीच वाचायची.

राजाने बाईला विचारलं

ही गुंडाळी खरी की खोटी, असा प्रश्न पहिल्यांदा पडल्याची गोष्ट तनाखमध्येच आहे. इ. स. पू. ६२२ चा सुमार. यरुशलेममध्ये योशीया नावाचा राजा होता. तिथल्या मंदिराची डागडुजी चालू होती. सुतार, गवंडी कामाला लागले होते. तेवढ्यात मुख्य याजक हिल्कीया याला मंदिरात एक जुनी गुंडाळी सापडली. ती नियमशास्त्राची होती. (तोरामधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, किंवा त्याचा गाभा, तो हाच असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.) चिटणीस शाफान याने ती राजाला वाचून दाखवली. नियम मोडले तर काय काय संकटं येतील ते त्यात लिहिलं होतं. ऐकता ऐकता राजाने अंगावरची वस्त्रं फाडली. दुःख झालं की तसं करायची तिथली रीत होती.

आता हे लिहिलेलं खरं मानायचं का? राजाने आपली पाच मोठी माणसं पाठवली. कुणाकडे? त्या काळात यिर्मया नावाचा नामवंत संदेष्टा हयात होता. पण ती पाच माणसं गेली हुल्दा नावाच्या बाईकडे. तिचा नवरा वस्त्रागारावरचा अधिकारी होता आणि ती स्वतः संदेष्टी होती. हुल्दाने भीडभाड ठेवली नाही. ज्या माणसाने तुम्हांला पाठवलं आहे त्याला जाऊन सांगा, अशी तिने सुरुवात केली. राजाला 'तो माणूस'! आणि मग सांगितलं, की गुंडाळीत जे आहे ते खरंच होणार आहे.

बास, एवढंच. हुल्दाची गोष्ट तनाखमध्ये जेमतेम पानभर आहे. पण एखाद्या लेखी मजकुराला 'हे देवाचं आहे' अशी मान्यता मिळाल्याचा हा फार जुना प्रसंग आहे, आणि ती मान्यता एका बाईने दिली. हा निकाल मिळताच राजाने सगळी प्रजा गोळा करून ती गुंडाळी मोठ्याने वाचली. पुढच्या काळात यरुशलेमच्या मंदिराच्या दक्षिणेकडच्या दरवाजांना 'हुल्दाचे दरवाजे' म्हणत.

पुढे यहुदी पंडितांना प्रश्न पडला, की यिर्मया असताना राजाने हुल्दाला का विचारलं? त्यांच्या चर्चा 'तालमूद' नावाच्या मोठ्या ग्रंथात आहेत. त्यात एक उत्तर असं दिलंय, की बायकांचं मन कनवाळू असतं म्हणून. मला काही हे पटत नाही. हुल्दाच्या बोलण्यात कनवाळूपणा कमी आणि रोखठोकपणा जास्त दिसतो! त्याच तालमूदमध्ये सात स्त्री-संदेष्ट्यांची यादीही आहे. हुल्दा त्यात आहे, आणि दबोराही.

दबोरा म्हणजे मधमाशी. ही बाई खजुरीच्या झाडाखाली बसून लोकांचे तंटे सोडवायची. तेव्हा राजे नव्हते, न्यायाधीश असत. सीसरा नावाच्या सेनापतीकडे लोखंडी रथ होते ९००, आणि दबोराच्या लोकांकडे एकही नाही. तिने बाराकला बोलावून सांगितलं, दहा हजार माणसं घेऊन ताबोर डोंगरावर चढ. बाराक म्हणाला, तू येत असशील तर जातो, नाहीतर नाही! दबोरा निघाली, पण तिने बजावलं, की मग या लढाईचं श्रेय तुला नाही, एका बाईला मिळेल. तसंच झालं. सीसरा रथ टाकून पळाला आणि याएल नावाच्या बाईच्या तंबूत लपला. त्याने पाणी मागितलं, तिने दूध दिलं. तो गाढ झोपला तेव्हा तिने तंबूची मेख आणि हातोडा घेतला... पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

या विजयावरचं गाणं हे तनाखमधल्या सर्वांत जुन्या भागांपैकी एक आहे, असं भाषेवरून अनेक अभ्यासक मानतात. त्याचा शेवट मला फार विलक्षण वाटतो. तिथे कॅमेरा एकदम शत्रूच्या घराकडे वळतो. सीसराची आई खिडकीत उभी आहे आणि रथ अजून का येत नाही म्हणून वाट पाहते आहे. जिंकणाऱ्यांच्या गाण्यात हरलेल्याची आई!

होद्दूपासून कूशपर्यंत

आता मुख्य दोघींकडे वळू. पहिली एस्तेर. तिचं पुस्तक उघडलं की पहिल्याच वाक्यात आपल्या देशाचं नाव भेटतं, बरं का! अहश्वेरोश राजाचं राज्य 'होद्दूपासून कूशपर्यंत' १२७ प्रांतांवर होतं, असं तिथे म्हटलंय. होद्दू म्हणजे हिंदुस्थान, आणि कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा मुलूख. 'सिंधू' या शब्दावरूनच इराणी लोकांच्या तोंडून तो पुढे गेला. आजही हिब्रू भाषेत भारताला होद्दूच म्हणतात. अहश्वेरोश म्हणजे इराणचा राजा झर्क्सीस, ज्याने इ. स. पू. ४८६ ते ४६५ या काळात राज्य केलं, असं समजतात. त्याची राजधानी शूशन. तिचे अवशेष इराणमध्ये आजही आहेत.

राजाने १८० दिवस थाटमाट मिरवला आणि वर सात दिवसांची मेजवानी दिली. दारूच्या नशेत त्याला वाटलं, राणीचं सौंदर्य सगळ्यांना दाखवावं. त्याने वश्ती राणीला बोलावणं पाठवलं. वश्तीने सांगितलं, येत नाही! माझ्या मते या पुस्तकातली पहिली शूर बाई एस्तेर नव्हे, वश्तीच. तिचं राणीपद गेलं. दरबारी मंडळी तर इतकी घाबरली, की आता आपल्याही बायका ऐकेनाशा होतील म्हणून घरात पुरुषाचंच चालावं असं फर्मान त्यांनी १२७ प्रांतांत, प्रत्येक प्रांताच्या भाषेत धाडलं. हे वाचताना हसू येतं, आणि लिहिणाऱ्यालाही ते यावं असंच वाटत असणार.

नव्या राणीचा शोध सुरू झाला. निवड झाली हदस्सा ऊर्फ एस्तेरची. ती आईबाप नसलेली यहुदी मुलगी. चुलतभाऊ मर्दखय याने तिला वाढवलं होतं. मर्दखयने सांगितलं होतं, आपण कोणत्या लोकांतले ते राजवाड्यात सांगू नकोस. म्हणून ती गप्प राहिली.

इकडे हामान नावाचा माणूस राजाचा मुख्य मंत्री झाला. सगळे त्याच्यापुढे वाकत, मर्दखय वाकेना. हामानचा राग एका माणसावर थांबला नाही. त्याने ठरवलं, मर्दखयचे सगळे लोकच संपवायचे. दिवस ठरवायला त्याने चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीला तिथे 'पूर' म्हणत. अदार महिन्याची तेरावी तारीख निघाली. हामानने राजाला सांगितलं, की तुमच्या राज्यात काही लोक आहेत, त्यांचे कायदे निराळे आहेत, त्यांना ठेवण्यात तुमचा फायदा नाही. आणि वर चांदी देऊ केली. राजाने कोणते लोक म्हणून विचारलंसुद्धा नाही. बोटातली अंगठी काढून दिली.

मर्दखयने एस्तेरला निरोप धाडला, की राजाकडे जा. आता अडचण बघा. न बोलावता राजासमोर जाईल त्याला मृत्यू, असा नियम होता. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचायचा. आणि राजाने एस्तेरला गेले ३० दिवस बोलावलं नव्हतं. शिवाय वश्तीचं काय झालं ते ती जाणून होती. एकीला 'ये' म्हटल्यावर न आल्याची शिक्षा, दुसरीला 'ये' न म्हणता गेल्याची! मर्दखयचं उत्तर आलं, की राजवाड्यात आहेस म्हणून तू वाचशील असं समजू नकोस. आणि कुणी सांगावं, तू राणी झालीस ती याच वेळेसाठी असशील.

एस्तेरने तीन दिवस उपास केला, सगळ्या यहुद्यांनाही करायला सांगितला, आणि गेली. राजदंड पुढे आला. पण तिने लगेच रडगाणं लावलं नाही. राजा आणि हामान दोघांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर काय हवं म्हणून राजाने विचारलं, तर म्हणाली, उद्या पुन्हा जेवायला या. मधल्या रात्री राजाला झोप येईना, म्हणून त्याने दरबाराची बखर वाचून घेतली. त्यात निघालं, की मर्दखयने एकदा राजाचा जीव वाचवला होता आणि त्याला बक्षीस काहीच मिळालं नव्हतं. सकाळी राजाने खुद्द हामानला मर्दखयच्या घोड्यापुढे ओरडत चालायला लावलं! दुसऱ्या जेवणाच्या वेळी एस्तेरने तोंड उघडलं. मी त्याच लोकांतली आहे, आणि आम्हांला मारायला निघालेला हा माणूस तुमच्या शेजारी बसला आहे. हामानने मर्दखयसाठी ५० हात उंच खांब उभारला होता. त्याच खांबावर त्याचा शेवट झाला.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण राजाचं फर्मान मागे घेता येत नसे. म्हणून दुसरं फर्मान निघालं, की यहुद्यांनी हत्यार घेऊन स्वतःचं रक्षण करावं. ठरलेल्या दिवशी लढाई झाली आणि शत्रूकडची ७५,००० माणसं मेली, असं पुस्तक सांगतं. आईबाबांनो, मुलांना ही गोष्ट सांगताना हा भाग गाळू नका. मात्र हेही सांगा, की ही इतिहासाची नोंद नव्हे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस झर्क्सीसच्या राणीचं नाव अमेस्त्रिस असं देतो, आणि इराणी नोंदींत एस्तेर कुठेही सापडत नाही. परक्या राज्यात, दुसऱ्याच्या मर्जीवर जगणाऱ्या लोकांनी रचलेली ही कथा आहे, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे अदारच्या चौदाव्या तारखेला, लोकांनी आनंद केला. तोच पुरीम सण. 'पूर' म्हणजे चिठ्ठी, तिच्यावरून पुरीम. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तो येतो. त्या दिवशी एस्तेरची गुंडाळी सभास्थानात पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतात. हामानचं नाव आलं रे आलं, की मुलं खुळखुळे वाजवून, पाय आपटून गोंगाट करतात. एरवी धर्मस्थळात गप्प बसा म्हणतात, इथे आरडाओरडा करायची परवानगी! हामानच्या नावाने तिकोनी गोड पदार्थही करतात, आपल्या करंजीसारखं आत सारण भरून. त्यात खसखस असते.

आपल्या कोकणातही हा सण होता, हं. अलिबागच्या आसपास शेकडो वर्षं राहिलेले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असं ते सांगत आले. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. केहीमकर, दिवेकर, रोहेकर ही आडनावं ऐकली तर गाव कुठलं ते लगेच कळेल. पुरीमला त्यांच्याकडे नाव होतं 'होळीचा सण', कारण दोन्ही सण जवळजवळच येतात! १९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली.

हात धुवायचे की नाही?

एवढं सगळं असूनही एस्तेरला ग्रंथात जागा सहज मिळाली नाही. मोठी अडचण अशी, की या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही! राजा पानोपानी आहे, देव कुठेच नाही. हे नंतरच्या लोकांनाही खटकलं असावं. पुस्तक ग्रीक भाषेत गेलं तेव्हा त्यात सहा नवे भाग जोडले गेले, त्यांत एस्तेर आणि मर्दखय यांच्या लांबच लांब प्रार्थना आहेत.

१९४७ पासून मृत समुद्राजवळच्या ११ गुहांमध्ये जुन्या गुंडाळ्या सापडत गेल्या, त्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. त्यांत तनाखच्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांचे तुकडे आहेत. एस्तेरचा एकही नाही. कदाचित तो योगायोग असेल. कदाचित तिथल्या लोकांनी पुरीम मानलाच नसेल.

यहुदी पंडितांची पवित्र पुस्तक ओळखायची भाषा मोठी गमतीची होती. ते विचारत, या गुंडाळीने हात अशुद्ध होतात का? होत असतील, तर ती पवित्र! उलटं वाटतं ना? त्याचं कारण असं सांगतात, की लोक देवाला वाहिलेलं धान्य पवित्र म्हणून पवित्र गुंडाळ्यांशेजारीच ठेवत. मग उंदीर येत, आणि धान्याबरोबर गुंडाळीही कुरतडत. म्हणून नियम केला, की पवित्र गुंडाळीला हात लावला की हात अशुद्ध, आणि तशा हातांनी त्या धान्याला शिवायचं नाही. धान्य आपोआप लांब गेलं. तर तिसऱ्या शतकातल्या शमुएल नावाच्या मोठ्या पंडिताचं मत होतं, की एस्तेरने हात अशुद्ध होत नाहीत. दुसऱ्यांचं मत होतं, होतात.

तालमूदमध्ये एक छोटी कथा आहे. एस्तेरने स्वतः पंडितांना निरोप पाठवला, की मला पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवा. पंडित म्हणाले, नको, त्याने इतर लोक आपल्यावर चिडतील. एस्तेरने उत्तर दिलं, की माझं नाव इराणच्या राजांच्या बखरीत आधीच लिहिलेलं आहे, तुम्ही न लिहून काय फरक पडणार! ही कथा खरी असो नसो, पण तनाखमधल्या पुस्तकातही पुरीमची पत्रं पक्की करणारी, हुकूम देणारी एस्तेरच आहे. आणि पुरीमला ही गुंडाळी ऐकणं बायकांनाही बंधनकारक आहे, कारण त्या चमत्कारात त्याही होत्या, असं पंडितांनीच ठरवलं.

मग निकाल कोणी दिला? पूर्वी असं सांगत, की इ. स. ९० च्या सुमारास यावने गावी पंडितांची एक सभा भरली आणि तिने यादी ठरवली. आता अभ्यासक तसं मानत नाहीत. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं. मंदिर गेलं, राज्य आधीच गेलेलं, तेव्हा हातात उरल्या गुंडाळ्या. त्यांतल्या कोणत्या धरून ठेवायच्या, हे चर्चेतून, वादातून, आणि मुख्य म्हणजे रोजच्या वाचनातून हळूहळू ठरत गेलं. पंडित हात अशुद्ध होतात का याचा काथ्याकूट करत होते, तोवर गावोगाव दरवर्षी एस्तेर वाचली जातच होती. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथल्या तिसऱ्या शतकातल्या सभास्थानाच्या भिंतीवर एस्तेर आणि मर्दखय रंगवलेले सापडले आहेत. लोकांनी तिला भिंतीवर चढवलं होतं, आता यादीतून कोण काढणार?

पिशवीतलं डोकं

आणि जुडिथ? हिब्रूत तिचं नाव येहुदित, म्हणजे 'यहुदी स्त्री'. तिची गोष्ट इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकात लिहिली गेली असावी. ती अशी आहे.

होलोफर्नेस नावाच्या सेनापतीने बेथुलिया या डोंगरातल्या गावाला वेढा घातला. त्याने लढाई न करता झरे ताब्यात घेतले. ३४ दिवसांत गावातलं पाणी संपलं. लोक रस्त्यात कोसळू लागले, शरण जाऊ म्हणून ओरडू लागले. गावचे प्रमुख म्हणाले, आणखी पाच दिवस थांबू, तोवर देवाने मदत केली तर ठीक, नाहीतर दरवाजे उघडू.

जुडिथ विधवा होती, श्रीमंत होती, स्वतःची शेतीवाडी सांभाळत होती. तिने त्या वडीलधाऱ्यांना घरी बोलावून चांगलंच सुनावलं, की देवाला मुदत घालणारे तुम्ही कोण? मग तिने सुतकाची वस्त्रं उतरवली, दागिने घातले, आपल्या दासीच्या हातात खाण्याची पिशवी दिली आणि रात्री सरळ शत्रूच्या छावणीत गेली. मी पळून आले आहे, तुम्हांला गावात शिरायची वाट दाखवते, असं सांगितलं. ती तिथलं अन्न खात नसे, स्वतःचंच खाई. आणि रोज रात्री प्रार्थनेला म्हणून दासीसह छावणीबाहेर जाई. पहारेकऱ्यांना त्याची सवय झाली. हेच तर तिला हवं होतं!

चौथ्या दिवशी होलोफर्नेसने तिला मेजवानीला बोलावलं. तो स्वतः इतकी दारू प्याला, की आडवाच झाला. सगळे निघून गेले. जुडिथने त्याचीच तलवार काढली. दोन घाव. डोकं दासीने खाण्याच्या पिशवीत टाकलं, आणि दोघी रोजच्यासारख्या प्रार्थनेला निघाल्या. कुणी अडवलं नाही. सकाळी गावाच्या तटावर ते डोकं पाहून सैन्य पळत सुटलं. पुढे जुडिथने पुन्हा लग्न केलं नाही. ती १०५ वर्षं जगली, आणि मरण्यापूर्वी तिने दासीला मोकळं केलं. त्या दासीचं नाव पुस्तकात नाही, याची मला चुटपुट लागते. पिशवी तर तिनेच वाहिली होती.

या पुस्तकात देव आहे, प्रार्थना आहे, खाण्यापिण्याचे नियम पाळणं आहे. एस्तेरमध्ये जे नाही ते सगळं आहे. तरी ते बाहेर! का बरं?

एक कारण काळाचं. हे पुस्तक उशिरा लिहिलं गेलं आणि ते आपल्यापर्यंत ग्रीक भाषेत पोचलं. दुसरं, त्यात एक भली मोठी चूक आहे. नबुखद्नेस्सर हा बाबेलचा राजा, पण इथे त्याला निनवेत बसणारा अश्शूरचा राजा केलं आहे. निनवे तर तो गादीवर येण्याआधीच, इ. स. पू. ६१२ मध्ये पडलं होतं. ही चूक मुद्दाम केली, ऐकणाऱ्यांना 'ही कथा आहे' हे कळावं म्हणून, असंही काहींना वाटतं. तिसरं, होलोफर्नेसच्या छावणीतला अखियोर नावाचा अम्मोनी माणूस शेवटी यहुदी होतो. अम्मोनी आणि मवाबी लोकांना आपल्यात घ्यायचं नाही, असा तोराचा नियम. पण हे कारण मला लंगडं वाटतं, कारण रूथ ही मवाबी सून तनाखमध्ये आहे, तिच्या नावाचं पुस्तक आहे, आणि दावीद राजा तिचा पणतू! जुडिथ फारच स्वतंत्र होती, कुणा मर्दखयच्या सांगण्याची तिने वाट पाहिली नाही, म्हणून पंडितांना ती रुचली नाही, असंही काही अभ्यासक म्हणतात.

मला सगळ्यांत वजनदार वाटतं ते साधं कारण. जुडिथचं पुस्तक वाचायला वर्षातला एक दिवस नव्हता. एस्तेर दरवर्षी कानांवर पडत होती, जुडिथ पडत नव्हती. अर्थात सण असला की पुस्तक आत, असाही सरळ नियम नाही. हनुक्का हा दिव्यांचा सण यहुदी आजही पाळतात. त्याची लढाई ज्यांत आहे ती मक्काबींची पुस्तकं मात्र तनाखमध्ये नाहीत. पण त्या सणाला ती पुस्तकं मोठ्याने वाचायची प्रथाही नव्हती.

ख्रिस्ती लोकांचं गणित वेगळंच निघालं. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने इ. स. ३६७ मध्ये पुस्तकांची यादी केली. तिच्यात एस्तेर आणि जुडिथ दोघी एकाच बाकावर बसल्या आहेत, आणि तो बाकही बाहेरचा! म्हणजे वाचायला चांगली, पण मुख्य यादीत नाहीत अशी पुस्तकं. सुमारे इ. स. ४०० मध्ये जेरोम नावाच्या विद्वानाने जुडिथचं लॅटिन भाषांतर केलं. एका रात्रीच्या बैठकीत उरकलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. १५३४ साली मार्टिन ल्यूथरने आपल्या जर्मन बायबलमध्ये तिला वेगळ्या विभागात ठेवलं, तर १५४६ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंट येथील परिषदेने तिला पक्कं आत घेतलं. त्यामुळे आजही कॅथलिक बायबलमध्ये जुडिथ आहे आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. हुल्दा, दबोरा, याएल, रूथ, एस्तेर या सगळ्याजणी एका मराठी बाईच्या हातून आपल्या भाषेत आल्या.

यहुद्यांनी मात्र जुडिथला पुरतं सोडलं नाही. मध्ययुगात तिची गोष्ट त्यांच्यात पुन्हा सांगितली जाऊ लागली आणि हनुक्काशी जोडली गेली. या नव्या कथेत ती सेनापतीला खारट चीज खायला घालते. मग त्याला तहान लागते, तो दारू पितो आणि झोपतो. त्यावरून हनुक्काच्या दिवसांत चीज, दुधाचे पदार्थ खायची चाल पडली. तिची गुंडाळी कुठल्याच सभास्थानात वाचत नव्हते. पण हिवाळ्यातल्या त्या आठ दिवसांत कुणा लहान मुलाने, आज चीज का केलं म्हणून विचारलं, की आई जुडिथची गोष्ट सांगायला बसायची.